दुसऱ्या पानावरची आई

"म्हणजे हीच का ती? रडलेली?"

फलटणच्या एसटी स्टँडवर सस्ते बाईंनी माझ्या हातातली पुस्तकांची पिशवी घेतली, माझ्यामागून उतरणाऱ्या ओवीकडं पाहिलं आणि हा प्रश्न इतक्या प्रेमानं विचारला, की त्याच गाडीनं परत जावं असं मला वाटलं.

"कोण रडलं?" ओवी म्हणाली.

"अगं, आई सांगत होती की लोणंदला! एकशे बाराव्या पानावर. जेवलीसुद्धा नाहीस म्हणे."

ओवीनं माझ्याकडं पाहिलं. चौदा वर्षांची होती. त्या वयातल्या मुलींना आईकडं पाहताना डोळे मोठे करावे लागत नाहीत.

"ऊन फार आहे नाही इथं?" मी म्हणाले.

"मार्च आहे ताई," सस्ते बाई म्हणाल्या, आणि पिशवी घेऊन रिक्षाकडं निघाल्या.

त्या काळात मी कुमार-कादंबरीकार होते. कुमार-कादंबरी म्हणजे जी कुमारांसाठी लिहितात, मोठ्यांना आवडते आणि बक्षीस समारंभात वाटली जाते. माझी एकच होती, 'सायकलवरून सहा गावं'. तेरा वर्षांची कुंदा घरातून सायकल काढते आणि सहा गावं ओलांडून रुसलेल्या मावशीला शोधायला जाते. कुंदाची आई दुसऱ्या पानावर वारते. कुमार-कादंबरीत आईला लवकर मारावंच लागतं. जिवंत आई मुलीला सायकल घेऊन फाटकाबाहेर जाऊ देत नाही, आणि मग कादंबरी अंगणातच संपते. हे मी शिक्षकांच्या शिबिरात सांगत असे आणि शिक्षक ते वहीत लिहून घेत.

पुस्तक निघाल्यावर माझे प्रकाशक पेंढरकर म्हणाले होते, "वृंदाबाई, मुलांची पुस्तकं दुकानात खपत नाहीत. शाळांत जा. आणि नुसतं पुस्तकाबद्दल बोलू नका, झोप येते लोकांना. घरचा दाखला द्या. तुम्हाला मुलगी आहे ना? तिनं वाचलं ना?"

"हो," मी म्हणाले होते.

तिनं वाचलं नव्हतं. नाव ओवी, शाळा कॉन्व्हेंट. यावर जे काही बोलता येतं ते नातेवाइकांचं बोलून झालेलं आहे, त्यामुळं मी पुन्हा बोलत नाही. पुस्तकाची पहिली प्रत मी जेवणाच्या टेबलावर सहज पडल्यासारखी ठेवली होती. तिनं तिच्यावर दुधाचा ग्लास ठेवला. मग मी ती प्रत तिच्या पलंगाजवळ सहज पडल्यासारखी ठेवली. तिथं ती खरोखरच पडून राहिली. "वाच" असं मी म्हणाले नाही. लेखकानं कुणाला वाच म्हणू नये, असं माझं तेव्हा मत होतं. शिवाय ती नाही म्हणाली असती तर?

नगरच्या शाळेत मी पहिल्यांदा सांगितलं, की माझ्या मुलीनं हे पुस्तक एका बैठकीत वाचलं. मुली गप्प होऊन ऐकायला लागल्या. इचलकरंजीला ती वाचता वाचता जेवायची विसरली. चौथ्या शाळेत रडली. लोणंदला डोळे लाल करून स्वयंपाकघरात आली आणि मला मागून मिठी मारून उभी राहिली. पेंढरकर खूश होते. पण मी ते पेंढरकरांसाठी सांगत होते असं मुळीच नाही. दर शाळेत तेवढी तीन मिनिटं माझ्या मुलीनं माझं पुस्तक वाचलेलं असे. चौथ्या मिनिटाला आभार प्रदर्शन.

फलटणला तिला आणायचं नव्हतं. पण तिच्या शाळेत दहावीच्या परीक्षेचं केंद्र पडलं होतं म्हणून नववीला सुट्टी, माझा नवरा शिरीष कंपनीच्या कामाला जमशेदपूरला आणि शेजारच्या काकू लेकीकडं. लोणंदच्या कार्यक्रमाला सस्ते बाई बसल्या होत्या हे मला माहीत होतं. त्यांनी आमंत्रणच मुळी त्या मिठीवरून दिलं होतं. पण मुलगी सोबत दिसल्यावर कुणी रडण्याचा विषय स्टँडवरच काढेल, हे माझ्यासारख्या कल्पक लेखिकेच्या कल्पनेत आलं नाही.

रिक्षात सस्ते बाई पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या. मागं ओवी खालच्या आवाजात म्हणाली,

"एकशे बाराव्या पानावर काय आहे?"

"सायकल पंक्चर होते."

"त्यात काय रडायचं?"

"पाऊस असतो गं. आणि पंप नसतो."

"आई, मी पंक्चरला रडले?"

"हे बघ, तू फक्त बस. हसून बस. कुणी काही विचारलं तर छान आहे म्हण."

"काय छान आहे?"

"काहीही. पुस्तक. फलटण."

सस्ते बाई मागं वळल्या. "काय म्हणतीय?"

"फलटण छान आहे," ओवी म्हणाली.

शाळेनं दोन वर्गांमधलं लाकडी पार्टिशन काढून सभागृह केलं होतं. नववीच्या साठ-पासष्ट मुली सतरंजीवर बसल्या होत्या. स्वागतगीत झालं. शाल झाली; सहा शाळांतली सहावी, आणि माझी खात्री आहे की महाराष्ट्रात या शाली एकच माणूस विणतो. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, परिचय करून देताना म्हणाल्या की वृंदाताई टेंबे यांच्या अनेक कादंबऱ्या आपण वाचत आलो आहोत. मी अनेकवचनी नम्रतेनं मान झुकवली. ओवीला एक गुलाब मिळाला आणि पहिल्या रांगेत खुर्ची.

या शाळेत मात्र एक गोष्ट वेगळी होती, ती सस्ते बाईंनी मला कार्यक्रमाआधी सांगितली होती. शाळेकडं पुस्तकाच्या बाराच प्रती होत्या. बाईंनी पाच-पाच मुलींचे गट केले. एकीनं मोठ्यानं वाचायचं, चौघींनी ऐकायचं. रिकाम्या तासाला व्हरांड्यात बारा कोंडाळी बसत. "महिन्यात पुस्तक संपवलं पोरींनी. काही गटांनी दोनदा. पाठ आहे त्यांना. विचारून बघा तुम्ही." मी अशा शाळेत पहिल्यांदाच आले होते, जिथं पुस्तक आधी पोचलं होतं आणि शाल नंतर.

मी बोलले. सायकलवर बोलले, मावशीवर बोलले, कुंदाला उतारावर ब्रेक लागत नाही तिथं मुली माझ्याआधीच हसल्या. ओवीचा विषय मी शिताफीनं टाळला आणि समारोपाकडं वळले, तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक चिठ्ठी आली. सस्ते बाईंचं वळणदार अक्षर: 'रडल्याचं सांगायचं राहिलं.'

मी चिठ्ठी घडी करून शालीखाली सारली आणि वेळेअभावी थांबते म्हणाले.

"वेळ आहे की!" सस्ते बाई उठून माइककडं आल्या. "मुलींनो, आज आपलं भाग्य थोर आहे. या कादंबरीची पहिली वाचक आज आपल्यात आहे. ताईंची मुलगी, ओवी. तुमच्याच वयाची आहे. पुस्तक वाचताना ती जेवायची विसरली होती, माहितीय? ये ओवी. सांग, तुला कुठं रडू आलं?"

ओवी उठली. हातात गुलाब तसाच. मी खुर्चीत बसले होते आणि मला तिचा फक्त कान आणि वेणी दिसत होती. मला वाटलं, ही आता म्हणणार, मी वाचलंच नाही. आणि खरं सांगते, साठ मुलींसमोर उघडं पडण्याची मला तेव्हा भीती नव्हती. ते वाक्य तिच्या तोंडून ऐकायची होती. दोन वर्षं मी ते ऐकलं नव्हतं, म्हणून ते अजून खरं झालेलं नव्हतं.

"मला..." ओवी म्हणाली. माइकनं शिट्टी मारली. सस्ते बाईंनी तो थोडा मागं घेतला. "मला तो पार्ट आवडला. म्हणजे रडू आलं. कुंदा शाळेतून घरी येते, आणि तिची आई टेबलावर लिहीत असते. पाठ असते तिची. आणि कुंदाला सांगायचं असतं की, आज तिला रिलेच्या टीममधून काढलं. ती दारात उभी राहते. आई म्हणते, 'दोन मिनिटं हं.' मागं न बघता. मग कुंदा मोजते. दोन मिनिटं म्हणजे एकशे वीस ना. एकशे वीस होतात. मग ती परत मोजते. असं सात वेळा. मग ती आत जाते आणि भात खाते. गार. मग... तेवढंच."

तिचं मराठी ऐकून सुरुवातीला मागच्या रांगेत थोडी खुसखुस झाली होती. ती खुसखुस 'सात वेळा'ला थांबली.

ओवी शाळेच्या रिले टीममध्ये होती हे मला ठाऊक होतं. तिला काढलंय, हे मला फलटणला कळलं.

टाळ्या पडायला हव्या होत्या, पण पडल्या नाहीत. मुली एकमेकींकडं पाहत होत्या. मधल्या रांगेतून एक हात वर आला.

"यास्मिन आतार," सस्ते बाई मला म्हणाल्या. "आमची सगळ्यात चांगली वाचणारी. बोल गं."

यास्मिन उभी राहिली. उंच, शिडशिडीत, दोन घट्ट वेण्या. "बाई, पण कुंदाची आई तर दुसऱ्या पानावरच वारली."

"हो ना," दोघी-तिघी म्हणाल्या.

"मग ती लिहीत कधी बसली?"

सस्ते बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मोठ्या बाईंनी सस्ते बाईंकडं पाहिलं. ओवीचा कान लाल झाला होता. मी उठले. शाल घसरली, ती मी उचलली नाही.

"ओवीनं पहिला खर्डा वाचला होता," मी म्हणाले. "हातानं लिहिलेला. त्यात आई जिवंत होती. नंतर मी ती काढली."

"अच्छा!" सस्ते बाईंचा जीव भांड्यात पडला. "बघा मुलींनो, लेखक किती कष्ट घेतात."

टाळ्या पडल्या. ओवी आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. पण यास्मिन उभीच होती.

"मॅडम, मग का काढली? चांगली होती की."

"काय आहे यास्मिन," मी शिबिरातल्या आवाजात म्हणाले, "आई असती तर तिनं कुंदाला एवढ्या लांब जाऊच दिलं नसतं. मग गोष्टच झाली नसती."

यास्मिननं विचार केला. उद्धटपणा अजिबात नव्हता तिच्यात. एखादं गणित पुन्हा करून बघावं तसा चेहरा होता.

"गेली असती की," ती म्हणाली. "तिची आई कुठं बघत होती?"

आभार प्रदर्शन झालं. नाश्त्याला पोहे होते. मुलींनी सह्यांसाठी गराडा घातला आणि मी साठ वह्यांवर 'खूप वाचा' असं लिहिलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. ओवी व्हरांड्यात यास्मिनच्या गटाबरोबर बसली होती. काय बोलत होत्या ते मला ऐकू आलं नाही. एकदा सगळ्या हसल्या, तेवढं दिसलं.

तीनच्या पुणे गाडीला गर्दी नव्हती. ओवीनं खिडकी घेतली. तरडगाव येईपर्यंत ती बाहेर पाहत होती, उसाकडं, जणू तिला ऊस आवडतो.

"किती शाळांत सांगितलंस?" तिनं शेवटी विचारलं.

"पाच. आज सहावी होती."

"सगळीकडे मी रडले?"

"पहिल्या दोन-तीन ठिकाणी नुसतं वाचलंस."

"आणि मिठी? यास्मिन म्हणाली, बाईंनी मिठीचं पण सांगितलंय वर्गात."

"ती फक्त लोणंदला."

ती हसेल असं वाटलं होतं. नाही हसली.

"रिलेचं कधी झालं?" मी विचारलं.

"नोव्हेंबरमध्ये."

"सांगायचंस ना मला."

"सांगत होते."

कंडक्टर पुढं जाऊन ड्रायव्हरशी गप्पा मारायला लागला. मी पिशवीत उरलेल्या दोन प्रती उगीच सरळ केल्या.

"मी वाचलंय तुझं पुस्तक," ओवी खिडकीला म्हणाली.

या वाक्याची मी दोन वर्षं इतकी तालीम केली होती, की प्रत्यक्षात आल्यावर माझं वाक्य मला आठवेना.

"दोन पानं. मला मराठीला वेळ लागतो ना. एका दिवशी एक पान वाचलं. तुला सांगितलं नाही, सरप्राइज होतं. दुसऱ्या दिवशी दुसरं वाचलं. तर त्यात तू मेलीस."

"मी नाही गं. कुंदाची आई."

"तिचा चष्मा डोक्यावर असतो आणि ती घरभर चष्मा शोधते. चहा गार करून पिते. हाक मारली की आधी 'अं' म्हणते. दीड पान आहे ती आई, मला काय कळत नाही का? आणि मग ताप येतो आणि मरते. एका ओळीत. मग मी ठेवून दिलं."

"मला वाटलं, तू हातच लावला नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

लोणंद आलं. गाडी स्टँडवर दहा मिनिटं थांबली. कुणीतरी काकडी विकत होतं, मी घेतली, मीठ-तिखट लावून. तिनं अर्धी खाल्ली.

"मग आज ते तसं का सांगितलंस?" मी विचारलं. "तुला माहीत होतं ना, ती वारलीय."

"मला वाटलं, पुढं परत आली असेल. गोष्टींत येतात ना. मेलेली नसतातच, हरवलेली असतात." मग जरा थांबून, "नाही आली?"

"नाही."

"शेवटपर्यंत?"

"नाही गं."

"शी," ती म्हणाली. साहित्यक्षेत्रात माझ्या पुस्तकाची एकूण चार परीक्षणं आली. त्यातलं अचूक तेवढं सांगायचं तर हेच.

गाडी सुटली. नीरेच्या अलीकडं कधीतरी तिनं पिशवीतून एक प्रत काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"वाच. त्या मुली वाचतात तसं, मोठ्यानं. तिसऱ्या पानापासून. पण तिला घाल."

"ओवी, पुस्तक छापून झालंय."

"मला कुठं छापलेलं हवंय?"

मी तिसरं पान उघडलं. पहिलं वाक्य होतं, 'तेरावं झालं आणि पाहुणे गेले.' मी वाचलं, "रविवार झाला आणि पाहुणे गेले." ओवीनं पाय वर घेतले आणि डोकं खिडकीच्या दांडीला टेकवलं. मी वाचत राहिले. एका डोळ्यानं ओळ पाहायची आणि दुसऱ्यानं त्या ओळीत एक बाई बसवायची, हे काम किती अवघड आहे ते मला तेव्हा कळलं. ती सारखी निसटत होती. चांगल्या लिहिलेल्या वाक्यांत तिला जागाच नव्हती. मी जागा ठेवली नव्हती. मग मी वाक्यं मोडायला लागले. पुढच्या सीटवरच्या बाई अर्ध्या वळल्या आणि म्हणाल्या, "जरा मोठ्यानं वाचा, गाडीचा आवाज फार आहे." मी मोठ्यानं वाचलं.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. 'सायकलवरून सहा गावं'ची दुसरी आवृत्ती निघाली नाही. फलटणनंतर मी शाळांत जाणं सोडलं. पेंढरकरांना गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. तेव्हा दुखत नव्हते. आता विनोदी सदर लिहिते, त्यात कुणी मरत नाही. ओवी रॉटरडॅमला असते, बंदरातल्या क्रेन चालवणारं सॉफ्टवेअर करते, दर रविवारी फोन करते आणि माझ्याकडून औषधांची नावं वाचून घेते. नीरा ते सासवड या रस्त्यावर मी जे वाचलं, ते कुठंच लिहिलेलं नाही. मी नंतर खूपदा बसले, नवं पान घेऊन, जुनं पान शेजारी ठेवून. सगळं आठवतं, काकडी आठवते, पुढच्या सीटवरच्या बाईंचा हिरवा पदर आठवतो. त्यातली आई आठवत नाही. ओवीला विचारलं तर ती म्हणते, "मला झोप आली होती गं, मध्येच." असेल. जेजुरीनंतर तिचे डोळे मिटलेले होतेच.

पण त्याआधी, जेजुरीचा डोंगर दिसायला लागला होता तेव्हा, ती पूर्ण जागी होती. मी त्या पानावर आले होते जिथं कुंदा पहाटे सायकल स्टँडवरून काढते, साखळीचा आवाज होऊ नये म्हणून ती उचलून फाटकापर्यंत नेते आणि फाटक उघडते. ओवीनं माझं मनगट धरलं.

"थांब. आई कुठंय?"

"आहे. खिडकीत."

"बघते का?"

मी पानाकडं पाहिलं. पानावर अंगण होतं, सायकल होती, उघडलेलं फाटक होतं. बाकी कुणीही नव्हतं.

"बघते," मी वाचलं.